पूर, वादळ, साथ : आरोग्य केंद्रातला औषधसाठा संकटात कसा सांभाळावा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. झाडे पडली, तारा तुटल्या, कितीतरी गावांची वीज गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जुलैला, म्हादई आणि खांडेपार नद्यांना पूर येऊन सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागांतली घरे पाण्याखाली गेली. त्याच दिवशी दूधसागरजवळच्या घाटात दरड कोसळून रेल्वेचे डबे घसरले. एका साथीसाठी म्हणून भरलेल्या औषधांच्या कपाटावर त्या वर्षी वादळ आणि पूर यांचाही भार आला.

हा लेख प्राथमिक आणि सामुदायिक आरोग्य केंद्रांतले फार्मासिस्ट, हेल्थ ऑफिसर, उपकेंद्रांतल्या एएनएम आणि आरोग्य सेवक यांच्यासाठी आहे. सगळी मांडणी एकाच गोष्टीवर उभी आहे. ऐन वेळी औषध संपते, तेव्हा चूक बहुधा काही आठवडे आधी नोंदवहीत झालेली असते. रजिस्टरात ४,००० गोळ्या दिसतात आणि कपाटात निघतात २,६००. उरलेल्या १,४०० गोळ्यांपैकी काही उपकेंद्राला तोंडी सांगण्यावर उसन्या गेलेल्या असतात, काही मुदत संपून कोपऱ्यात पडलेल्या असतात, तर काही शिबिरात वाटून झाल्यावर लिहायच्या राहिलेल्या असतात. मागणीपत्र मात्र ४,००० च्या भरवशावर गेलेले असते.

मे महिन्यातली मोजणी

पावसाळ्याआधीची मोजणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. जूनमध्ये वरून माल येईपर्यंत पाऊस लागलेला असतो. मोजणीला दोघे हवेत : एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे. मोजणाऱ्याला रजिस्टरातला आकडा आधी सांगू नये. सांगितला की हात त्या आकड्याजवळ येऊन थांबतो.

प्रत्येक औषधाच्या प्रत्येक बॅचसाठी वेगळी ओळ करा : नाव, ताकद, बॅच क्रमांक, मुदत, प्रत्यक्ष संख्या. खोके सीलबंद दिसले तरी एखादे उघडून पाहा. १० स्ट्रिपांच्या खोक्यात ८ निघणे हे वाटते तितके दुर्मीळ नाही. मुदतीच्या जागी फक्त महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. पण सहा आठवड्यांचा कोर्स द्यायचा असेल तर शेवटची गोळी कोणत्या तारखेला पोटात जाईल ते बघूनच बॅच निवडा.

मोजताना प्रत्येक बॅचला एक प्रश्न विचारावा : मुदतीआधी ही संपेल का? महिन्याला २,००० गोळ्या लागतात, बॅचमध्ये ९,००० आहेत आणि मुदत तीन महिन्यांवर आली आहे, असे समजा. ६,००० वापरल्या जातील, ३,००० वाया जातील. त्या ३,००० आजच जास्त रुग्णसंख्येच्या केंद्राला ट्रान्सफर व्हाउचरने पाठवा. शेवटच्या आठवड्यात त्या कोणीही घेत नाही.

कपाटात मांडणी करताना आधी मुदत संपणारी बॅच पुढे ठेवा. नंतर आलेला माल नेहमीच नंतर संपणारा असतो असे नाही. पुरवठादाराने जुनी बॅच उशिरा पाठवली की ती मागच्या रांगेत पडून राहते.

किती लागेल याचा हिशेब

मासिक सरासरी वापर काढताना औषध शिल्लक नसलेले दिवस वगळले नाहीत, तर पुढची मागणी आपोआप कमी पडते. उदाहरण घेऊ. सहा महिन्यांत, म्हणजे १८२ दिवसांत, पॅरासिटामॉलच्या ५४,००० गोळ्या गेल्या. सरळ भागाकार केला तर महिन्याला ९,००० येतात. पण त्यातले १८ दिवस गोळ्याच नव्हत्या. म्हणून ५४,००० ला १८२ ने गुणून १६४ ने भागा. उत्तर सुमारे ५९,९०० येते, म्हणजे महिन्याला जवळपास १०,०००. खरी गरज ही आहे.

आता मागणी केल्यापासून माल हातात पडेपर्यंत लागणारा काळ धरा. तो दीड महिना असेल आणि वर एक महिन्याचा राखीव साठा हवा असेल, तर शिल्लक २५,००० वर येताच मागणीपत्र गेले पाहिजे. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात. मागच्या दोन-तीन वर्षांच्या जून ते सप्टेंबरच्या वापराला वर्षभराच्या सरासरीने भागून आपल्या केंद्राचा गुणक काढा. तो १.४ आला, तर २५,००० ऐवजी ३५,००० वर मागणी करायची. शेजारच्या केंद्राचा गुणक उचलू नका. किनाऱ्यावरच्या कांदोळीची ओपीडी आणि आतल्या डोंगराळ सांग्याची ओपीडी सारखी नसते.

गोव्यात मागणी ते पुरवठा हा काळ धरताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे चवथ. गणेशचतुर्थीच्या आठवड्यात हमाल, टेम्पो, कारकून, सगळेच घरी असतात. त्या वर्षीची चवथ कधी आहे ते बघून मागणीपत्र किमान दोन आठवडे आधी पाठवा. दुसरी गोष्ट घाट. बेळगावहून येणारा माल चोर्ल्याने किंवा अनमोडने येतो आणि दरड कोसळली की वाहतूक अडते. सत्तरीतल्या केंद्रांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. माकडताप (गोचिडींतून पसरणारा विषाणूजन्य ताप) गोव्यात २०१५ मध्ये आढळला. त्याचा हंगाम पावसाळ्यात नसतो, तो साधारण जानेवारी ते मे असा असतो. काजूच्या बागांत जाणाऱ्यांसाठी लागणाऱ्या गोचीड प्रतिबंधक डेपा तेलाची मागणी त्यामुळे नोव्हेंबरमध्येच जायला हवी.

काही औषधे कुप्यांत किंवा बाटल्यांत मोजून चालत नाहीत. ती रुग्णांत मोजावी लागतात. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात आणि पुढे आणखीही लागू शकतात. कपाटात ६ कुप्या असतील, तर रजिस्टर '६' म्हणते. प्रत्यक्षात तो एकाही रुग्णाचा साठा नाही. प्रतिविषाची ॲलर्जी उठली तर लागणारे ॲड्रेनालिन त्याच कप्प्यात, हाताशी हवे. सलाइनचेही असेच. जुलाबाने पूर्ण गळून गेलेल्या ५० किलोच्या माणसाला रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिली या हिशेबाने ५ लिटर लागते, म्हणजे ५०० मिलीच्या १० बाटल्या. केंद्रात ४० बाटल्या म्हणजे असे चार रुग्ण. ही संख्या औषधाच्या नावासमोर कंसात लिहून ठेवली, तर रात्रपाळीच्या नर्सलाही ती एका नजरेत कळते.

लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन

पूर ओसरला की दोन-तीन आठवड्यांनी लेप्टोस्पायरोसिसचे (उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण यायला लागतात. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ, म्हणजे १०० मिग्रॅच्या दोन कॅप्सूल, असे देतात. लक्षणे असलेल्या प्रौढाला उपचार म्हणून १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस. वाटप करायचे की नाही आणि किती आठवडे, हे हेल्थ ऑफिसर आणि साथरोग विभाग ठरवतात. फार्मासिस्टचे काम आकडा तयार ठेवण्याचे.

समजा, पुराचा फटका बसलेल्या सहा वाड्यांची लोकसंख्या ४,२०० आहे. आठ वर्षांखालची मुले, गरोदर आणि स्तनदा माता वगळून ३,४०० उरतात. सगळ्यांना चार आठवडे द्यायचे म्हटले तर ३,४०० × २ × ४ = २७,२०० कॅप्सूल. एवढा साठा एका केंद्राकडे नसतो आणि सगळ्यांना गरजही नसते. चिखल उपसणारे, शेतात उतरणारे, गुरे राखणारे, बचावकार्यातले, पायाला जखम असून पाण्यातून गेलेले, अशांची यादी आरोग्य सेवकांनी घरोघर जाऊन केली आणि ती १,१०० भरली, तर हिशेब असा होतो : १,१०० × २ × ४ = ८,८००. संशयित ६० रुग्णांच्या उपचारासाठी ६० × १४ = ८४०. एकूण ९,६४०, त्यावर १० टक्के तूट धरून १०,६०४. दहाच्या स्ट्रिपा १,०६१.

यातला ८४० चा भाग पहिल्याच दिवशी वेगळ्या खोक्यात घालून त्यावर 'उपचार' असे लिहा. तो वाटपात जाऊ देऊ नका. पहिल्या आठवड्याच्या गर्दीत सगळ्या कॅप्सूल प्रतिबंधासाठी संपतात आणि तिसऱ्या आठवड्यात खरा रुग्ण दारात येतो तेव्हा हात रिकामे असतात. ही चूक ठिकठिकाणी होते.

वाटताना स्ट्रिप कात्रीने कापली तर मुदत आणि बॅच नसलेला तुकडा माणसाच्या हाती जातो. पाकिटावर दोन्ही लिहा. कॅप्सूल जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि घेऊन लगेच आडवे व्हायचे नाही, हे तोंडी सांगा. घशात अडकली तर अन्ननलिकेला इजा होते. मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी पर्यायी प्रतिजैविक कोणते ते डॉक्टरांनी आधीच ठरवून त्याचा साठा वेगळा धरावा.

रस्ता बंद होण्याआधी माल पुढे सरकवा

जिल्हा कोठारात औषध आहे, पण नदीपलीकडच्या वाडीत नाही, ही पुरातली नेहमीची अडचण. दिवाडी आणि चोडण बेटांवर फेरीबोट थांबली की माल थांबतो. काणकोणला २ ऑक्टोबर २००९ रोजी काही तासांच्या पावसात पूर आला होता. तेव्हा मान्सूनचे चार महिने सरूनही गेले होते. म्हणून संपर्क तुटू शकणाऱ्या प्रत्येक उपकेंद्राची यादी करून तिथे जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत किमान १५ दिवसांचा साठा राहू द्या.

त्या पेटीत काय असावे? पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या, जखमेची ड्रेसिंग, पोव्हिडोन आयोडीन, बुरशीवरचे मलम (पाण्यात पाय राहिले की त्याची मागणी सगळ्यात जास्त असते), क्लोरीनच्या गोळ्या. ओआरएसचे पाकीट १ लिटर पाण्याचे आहे की २०० मिलीचे, ते पेटीवर ठळक लिहा. दोन्ही आकार एकत्र ठेवले की कोणीतरी लहान पाकीट एक लिटरमध्ये घालते किंवा मोठे पेलाभर पाण्यात. दुसरी चूक मुलासाठी धोक्याची आहे. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिग्रॅ, १४ दिवस. म्हणजे मुलामागे १४ गोळ्या मोजून ठेवायच्या.

ब्लीचिंग पावडर औषधांच्या खोलीत कधीही ठेवू नका. तिचा वायू लोखंडी रॅक गंजवतो आणि लेबलांवरची अक्षरे उडवतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते, पण पोते उघडे राहिले की काही आठवड्यांत ते उतरते. विहिरीसाठी १,००० लिटरला २.५ ग्रॅम हे माप चांगल्या पावडरीचे आहे. जुनी पावडर त्याच मापाने टाकली तर विहीर शुद्ध होत नाही. टाकल्यानंतर अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपने (पाण्यातले क्लोरीन मोजायच्या साधनाने) ०.५ मिग्रॅ प्रति लिटर उरले आहे का ते पाहावे. दिसले नाही तर पावडर वाढवा.

कोठाराची खोली

खोकी जमिनीपासून किमान १० सेंमी वर, भिंतीपासून ३० सेंमी दूर, आणि थप्पी अडीच मीटरपेक्षा उंच नको, हे पुस्तकातले माप. पूररेषेतल्या केंद्राला ते पुरत नाही. २०२१ चे पाणी भिंतीवर कुठवर आले होते ते गावात विचारून तिथे रंगाने रेघ मारा आणि महत्त्वाची औषधे त्या रेघेच्या अर्धा मीटर वर न्या. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते. तिला टेकवलेले खोके बाहेरून कोरडे दिसते आणि मागची बाजू हाताला मऊ लागते. जुलैत आठवड्यातून एकदा प्रत्येक थप्पीच्या मागे हात फिरवा. खोलीत आर्द्रतामापक हवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर खिडकी उघडून उपयोग नाही, बाहेरची हवा त्याहून ओली असते. एक्झॉस्ट पंखा उन्हाच्या तासांत लावा, किंवा डिह्युमिडिफायर मागून घ्या. मोकळ्या डब्यातल्या गोळ्या आधी बिघडतात : ॲस्पिरिनला आंबूस वास येतो, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात.

वीज गेली तर

पावसाळ्यात लसींचे जास्तीत जास्त नुकसान वीज गेल्यानंतरच्या पहिल्या तासातल्या घाईत होते. आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये बर्फाचे अस्तर असते आणि झाकण न उघडता तो साधारण २० तास थंडी धरतो. अट एकच, त्याआधी त्याला रोज किमान आठ तास वीज मिळालेली असावी. घरगुती फ्रिज मात्र काही तासांतच गरम होतो. केंद्रात कोणता आहे ते माहीत असले पाहिजे.

वीज गेली की आधी वेळ लिहा आणि झाकणावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावा. बाहेरच्या डिस्प्लेवरचे तापमान दर तासाला नोंदवा. ते ७ अंशांवर आले आणि वीज खात्याकडून नक्की वेळ मिळत नसेल, तर माल हलवायला सुरुवात करा. ८ होण्याची वाट बघू नका. जनरेटर असेल तर डिझेल किती तासांचे आहे ते मेमध्येच मोजून ठेवा. टाकी भरलेली आहे असे लिहिलेले असते, पण चाचणीत निम्मी निघते.

हलवताना खरा धोका गोठण्याचा आहे. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी, डीपीटी, आयपीव्ही, पीसीव्ही या लसी गोठल्या की कायमच्या निकामी होतात आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक सरळ कोल्ड बॉक्समध्ये घालायचा नाही. टेबलावर आडवा मांडून ठेवा. अंगावर घामासारखे थेंब येतील. मग उचलून कानाशी धरून हलवा. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की तो तयार. गोव्यातल्या दमट हवेत थेंब लवकर येतात, म्हणून नुसत्या थेंबांवर जाऊ नका, आवाज ऐका. पॅक आणि कुप्यांच्या मध्ये पुठ्ठा घाला, मधोमध थर्मामीटर ठेवा.

आइसपॅकच संपले तर मासळीच्या जेटीजवळचा बर्फ कारखाना शेवटचा आधार आहे. तिथला बर्फ शून्याच्याही खाली असू शकतो. तो वितळून पाणी गळायला लागेपर्यंत थांबा, जाड प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा, आणि मगच पुठ्ठ्याआड ठेवा. कारखान्याचा मालक रात्री दोनला दार उघडेल का हे मेमध्ये भेटून विचारून ठेवायचे असते.

लसींच्या गडबडीत ऑक्सिटोसिन विसरले जाते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहावे लागते. उकाड्यात पडून राहिलेले ऑक्सिटोसिन रंग बदलत नाही, वास येत नाही, नुसते कमी काम करते, आणि ते कळते तेव्हा बाईचे रक्त जात असते. कोल्ड बॉक्समध्ये त्याची जागा आधी ठरवा. न उघडलेले इन्सुलिनही तिथेच, बर्फाला न टेकता. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी मात्र सावलीच्या खोलीत साधारण चार आठवडे टिकते. निवारा केंद्रातल्या मधुमेहींना कुपी पिशवीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगा.

ऑक्सिजनचा हिशेब मिनिटांत

सिलिंडर किती आहेत याला अर्थ नाही, किती मिनिटे पुरतील याला आहे. मोठ्या डी टाइपमध्ये सुमारे ७,००० लिटर, लहान बी टाइपमध्ये सुमारे १,५००. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला डी टाइप ७०० मिनिटे, म्हणजे अकरा तास चाळीस मिनिटे पुरतो. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण १५० दाखवतो. तो ७५ वर असलेल्या बी टाइपमध्ये ७५० लिटर उरले आहेत. मिनिटाला ५ लिटरने ते १५० मिनिटे. त्यातला पाचवा भाग राखीव धरला तर दोन तास. वाळपईहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला रुग्ण हलवताना पाण्यामुळे रस्ता बदलावा लागला, तर हे दोन तास पुरतील का ते रुग्णवाहिका निघण्याआधी ठरते. रेग्युलेटरची चावी सिलिंडरला साखळीने बांधा. भरलेला सिलिंडर आहे आणि चावी सापडत नाही, असा प्रसंग येऊ नये. कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राला) वीज लागते, म्हणून वादळाच्या हिशेबात तो धरू नका.

रोजचा एक कागद

संकट सुरू झाले की नेहमीचे रजिस्टर पुरत नाही. वीस-पंचवीस जीवनावश्यक औषधांचा एकच तक्ता करा : सकाळची शिल्लक, आलेले, गेलेले, खराब झालेले, संध्याकाळची शिल्लक, किती दिवस पुरेल. रोज संध्याकाळी पाचला तो फोटो काढून तालुका आणि जिल्हा पातळीवर पाठवा. मोबाइलचे नेटवर्क गेले तर हाच कागद रुग्णवाहिकेच्या चालकाकडे द्या.

शेवटचा रकाना काढताना काळजी घ्या. डॉक्सीसायक्लिनची शिल्लक ४,३०० आहे. मागच्या तीन दिवसांत ६२०, ९१० आणि १,२७० गेल्या. सरासरी ९३३, म्हणजे साडेचार दिवस पुरेल असे वाटते. पण वापर चढता आहे. कालच्या १,२७० ने भागले तर साडेतीन दिवसही भरत नाहीत. माल यायला तीन दिवस लागत असतील, तर मागणी आज सकाळीच जायला हवी होती. वापर चढत असेल तेव्हा सरासरीवर जाऊ नका, शेवटच्या दिवसाचा आकडा धरा.

तुटवडा पडलाच तर

कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हा निर्णय खिडकीवरच्या फार्मासिस्टवर सोडणे अन्याय आहे. हेल्थ ऑफिसरने लेखी सूचना काढावी आणि ती खिडकीवर चिकटवावी. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ३० दिवसांऐवजी १५ दिवसांच्या द्या. तापाच्या गोळ्या पाचऐवजी तीन दिवसांच्या. प्रतिजैविकाचा कोर्स मात्र कधीही अर्धा करू नका. थोड्या रुग्णांना पूर्ण कोर्स आणि उरलेल्यांना पर्यायी औषध किंवा पुढच्या केंद्राची चिठ्ठी, हेच बरोबर. क्षयरोग, एचआयव्ही, अपस्मार यांच्या औषधांत एका दिवसाचाही खंड नको. त्यांच्या रुग्णांची यादी वेगळी असावी आणि पाणी चढण्याआधी एक महिन्याचे औषध घरपोच जावे.

पर्याय देतानाच्या दोन चुका नेहमीच्या आहेत. ५ मिग्रॅ अम्लोडिपिन नसेल तर २.५ च्या दोन गोळ्या चालतात, पण घरी रुग्णाला जुनी ५ ची स्ट्रिप सापडली तर तो त्याही दोन घेईल. पाकिटावर 'या पाकिटातल्याच दोन' असे लिहा. सावकाश विरघळणारी गोळी, नावापुढे एसआर किंवा ईआर असलेली, मोडून देऊ नका.

दानात आलेली औषधे

पुरानंतर लोक मनापासून औषधे आणून देतात. त्यांना परत पाठवताना वाईट वाटते, पण न तपासता घेतलेले खोके पुढे आठवडाभर दोन माणसे अडकवून ठेवते. स्वीकारायचे ते मूळ सीलबंद पॅकमध्ये, बॅच आणि मुदत वाचता येणारे, आपल्या यादीतले, आणि शक्यतो एक वर्ष मुदत शिल्लक असलेले. घरातल्या उरलेल्या स्ट्रिपा, डॉक्टरांचे नमुने, उघड्या सिरपच्या बाटल्या नम्रपणे नाकारा. मंडळांना आणि पंचायतींना आधीच सांगून ठेवा की सॅनिटरी पॅड, साबण, ओआरएस, मच्छरदाण्या आणल्या तर फार मदत होईल. बहुतेक जण आनंदाने तेच आणतात.

भिजलेली औषधे

पुराच्या पाण्यात बुडालेले औषध वाळवून वापरायचे नाही, स्ट्रिप वरून अखंड दिसली तरी. पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि फॉइलचे बारीक छिद्र डोळ्यांना दिसत नाही. महागड्या कुप्यांच्या बाबतीत हात अडखळतो, तरीही नाही. बॅचनिहाय मोजा, फोटो काढा, समितीच्या सह्यांचा पंचनामा करा आणि पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचरा प्रक्रियेला पाठवा. मॉर्फीनसारख्या दुहेरी कुलपातल्या औषधांचा पंचनामा वेगळा. हे काम होईपर्यंत भिजलेला माल चांगल्या मालापासून वेगळ्या खोलीत, कुलपात राहू द्या.

ओसरल्यावर

सात दिवसांच्या आत पुन्हा पूर्ण मोजणी करा. उसने दिलेले आणि घेतलेले, दोन्हींची व्हाउचरे मिटवा. शिबिरांवर गेलेल्या पेट्या परत आल्या का ते बघा. बऱ्याच पेट्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या खोलीत कुलूपबंद राहतात आणि मुदत संपल्यावर सापडतात. जादा उरलेला साठा दुसऱ्या केंद्राला द्यायचा असेल तर तो आत्ताच, मुदत हातात असताना.

शेवटी रजिस्टरात त्या महिन्यांच्या ओळींना लाल शाईने कडेला रेघ मारा आणि कारण लिहा : पूर, साथ, वादळ. पुढच्या वर्षीची मासिक सरासरी काढताना हे महिने धरायचे नाहीत. धरले, तर साथीच्या वर्षातली मागणी शांत वर्षात येऊन पडते, कपाटे भरतात, मुदती संपतात आणि त्यापुढच्या वर्षी वरच्या कार्यालयातून मागणीच निम्मी केली जाते.